सुटली म्हणायचं राहिलं

खेळाच्या बाईंनी आम्हाला फुटबॉल शिकवला तो पडण्यापासून. चेंडू नंतर आला. पहिले कित्येक दिवस चेंडू त्यांच्या काखेतच असायचा आणि आम्ही पोरी एकामागून एक पळत येऊन धाडकन अंग टाकून द्यायचो. "आदी मांडी, मग कुल्ला, मग खांदा. हात टेकायचा न्हाई, हात मोडतो. आन डोळं मिटायचं न्हाईत. डोळं मिटल्यावर चेंडू कुनाच्या बापाचा?" असं ओरडत बाई आमच्या बाजूनं पळायच्या. जी भीतभीत, चटईवर बसल्यासारखी पडायची तिला पुन्हा पडायला लागायचं. माझी आई म्हणायची, "ही खेळायला जाती का गाढवासारखी लोळायला?" आईचं काही चुकत नव्हतं. संध्याकाळी दारात उभी राहिलेली पोरगी आपलीच शाहीन आहे हे ओळखायला तिला आधी धूळ झटकावी लागायची.

बाई आमच्या हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवायच्या. त्यांना नाव-आडनाव होतं, पण गावानं ते कधी वापरलं नाही. गणिताचे सर, इंग्रजीचे सर तसं 'खेळाच्या बाई'. अंगानं काटक, आवाज मात्र पाटलाच्या वाड्यापासून वेशीपर्यंत जाणारा. यजमान सैन्यात, त्यामुळे वर्षातले दहा महिने बाई एकट्या. मूलबाळ नव्हतं. गावातल्या बायकांनी सुरुवातीला हळहळून पाहिलं, पण बाईंना हळहळ करून घ्यायला वेळच नसायचा, म्हणून ती हळूहळू आपोआप बंद पडली.

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. गावाला मैदान नव्हतं, तलाव होता. तलाव म्हणजे कुठल्याशा दुष्काळात रोजगार हमीवर घातलेला मातीचा बंधारा आणि त्याच्यामागे पसरलेला कोरडा गाळ. पाणी त्यात मी लहानपणी कधीतरी गुडघाभर पाहिलं असेल. एरवी तिथं भेगाळलेली जमीन आणि त्यावर चरणारी मेंढरं. बाईंनी तो गाळ हाताने कुस्करून पाहिला आणि म्हणाल्या, "अशी मऊ माती साऱ्या जिल्ह्यात कुनाच्या मैदानाला न्हाई." दरवर्षी सुगी झाली की कुणाचा तरी कुळव मागून आणायच्या, भेगा मोडायच्या, वरून फळी फिरवायच्या. गोलाचे खांब म्हणजे पाणी न लागलेल्या बोअरचे काढून टाकलेले पाइप. त्या मालाची आमच्या तालुक्यात कधी टंचाई नव्हती. बाकी सगळा गाव आभाळाकडं आशेनं बघायचा आणि बाई संशयानं बघायच्या. एकदा वळवाचा पाऊस झाला तर गावात पेढे वाटले आणि बाई दोन दिवस तोंड पाडून बसल्या.

माझे अब्बा शिलाईकाम करायचे. आमच्या पहिल्या संघाचे शर्ट त्यांनीच शिवले, शाळेच्या गणवेशातून उरलेल्या निळ्या कापडाचे. अर्ध्या चड्डीवरून घरोघरी कुरकुर होती. आमच्या घरी तर होतीच, पण मराठ्यांच्या, धनगरांच्या घरीही काही कमी नव्हती. बाईंनी वाद घातला नाही. अब्बांना म्हणाल्या, "उस्मानभाई, पायघोळ विजार शिवा, पन गुडघ्यावर डबल कापड लावा." अब्बांनी विचारलं, "गुडघ्यावर का?" "पोरी पडनार हाईत." अब्बा हसले आणि त्यांनी कुल्ल्यावरही डबल कापड लावलं. त्या विजारी घालून आम्ही पळायला लागलो की मागून पोतं बांधलेल्या घोड्यांसारख्या दिसायचो, असं मुलं म्हणायची.

बाईंचं एक वेड होतं आणि ते त्या लपवायच्या नाहीत. त्यांना त्यांच्या हातची एक पोरगी देशाच्या संघात खेळलेली बघायची होती. मोठ्या बायकांच्या संघात नव्हे, सतरा वर्षांखालच्या. "मोठा संघ वरनं पडत न्हाई. तो तेरा-चौदाव्या वर्षीच हेरून ठेवावा लागतो. पोरगी सतराची झाली की तिच्यात नवीन काय घालता येत न्हाई," असं त्यांचं ठाम मत. त्या स्वतः कॉलेजात खेळल्या होत्या, पण चेंडूला पहिल्यांदा पाय लावला तोच अठराव्या वर्षी. "मी जन्माला यायच्या आदीच बाद झाल्याली," म्हणायच्या. त्यामुळे कोणतीही पोरगी दिसली की बाई तिचं वय विचारायच्या आणि मनात सतरातून वजा करायच्या. हापशावर पाणी भरणारी कुणी चिमुरडी दिसली की, "हिला अजून लय वर्षं हाईत गं!" असं एखाद्याला गुप्तधन सापडावं तशा आनंदानं म्हणायच्या. माझ्या सतराव्या वाढदिवसाला मी पेढा घेऊन गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला, पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "बरं झालं. तू बाद. आता माझ्या मदतीला ये."

बाद होण्यासारखी मी काही फार मोठी खेळाडू नव्हते. अंगानं भरलेली होते म्हणून गोलात उभी केलेली. पुढे औषधशास्त्राचा डिप्लोमा करून मी आटपाडीत एका मेडिकलमध्ये कामाला लागले तरी संध्याकाळी गावच्या गाडीतून उतरायची ते थेट तलावात. नव्या पोरींना चेंडू कसा धरायचा ते दाखवायची आणि फुटलेली ढोपरं बांधायची. माझ्या दोन्ही शिक्षणांचा असा एकाच जागी उपयोग झाला.

एकदा बाईंनी आमच्या देशाच्या पोरींचा सामना मोबाइलवर लावला. शाळेच्या ओट्यावर आम्ही सगळ्या त्या एवढ्याशा पडद्याभोवती गोळा झालो. आपल्या पोरी सपाटून हरत होत्या. समोरच्या गोऱ्या पोरी घोड्यासारख्या आणि आपल्या मागे मागे पळताहेत. कुणीतरी म्हणालं, बंद करा बाई, बघवत नाही. बाई उसळून म्हणाल्या, "हरत्यात म्हनूनच तर जागा हाय! जिंकत असत्या तर आपल्याला कोन इचारतंय?" ह्या वाक्यावर आम्ही हसलो. मला आजही ते वाक्य बरोबर वाटतं आणि आता हसू येत नाही.

एकदा पाचगणीच्या एका निवासी शाळेनं आम्हाला सामन्याला बोलावलं. तिथली हिरवळ पाहून आमच्या पोरी खेळायचं सोडून लोळायलाच लागल्या. बाईंनीही चप्पल काढून त्यावर पाय ठेवला आणि कडेला उभ्या राहून ओरडल्या, "पडा गं! इथं तर फुकट पडायला मिळतंय!" आम्ही दणकून हरलो. आमच्या गाळात चेंडू टप्पा खाऊन थांबतो, तिथं तो पुढे पळून जायचा. परत येताना घाटात निम्म्या पोरी ओकत होत्या आणि बाई एकीच्या पाठीवरून हात फिरवत दुसरीला सांगत होत्या की गवतावर चेंडूच्या पुढं पळायचं असतं, चेंडूकडं नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण बाईंना हिरवळ म्हणजे काय हे माहीत नव्हतं असं पुढे काही शहाण्यांनी म्हटलं. त्यांना चांगलं माहीत होतं.

मग बनू आली. म्हाकूआप्पा मेंढके हे गावातले धनगर, त्यांची ही मुलगी. दिवाळी झाली की आप्पा मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे ते पाऊसकाळ तोंडावर आला की परत. बनूला शाळेसाठी चुलतीकडे ठेवलेलं. बाईंनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तलावातच. एक बुजलेला मेंढा उधळला होता आणि ही पोरगी त्याच्यामागे पळत जाऊन, अंग झोकून देऊन, घसरत त्याचा मागचा पाय धरून बसली होती. मेंढा ओरडतोय, ही धुळीत लोळतेय, पण पाय काही सोडत नाही. बाई माझा दंड दाबून म्हणाल्या, "शाहीन, हिला पडायला कोनी शिकवलं गं?" पहिला प्रश्न वयाचा न विचारता दुसरंच काही विचारल्याची बाईंची ती मला आठवणारी एकमेव वेळ.

बनू मागच्या फळीत खेळायची. समोरची पोरगी चेंडू घेऊन सुटली, आता गोल होणार असं वाटलं की ही कुठूनतरी घसरत यायची आणि पायाच्या बोटांनी चेंडू अलगद काढून घ्यायची. समोरचीला काय झालं ते कळायचंही नाही. तालुका, जिल्हा, विभाग करत ती राज्याच्या संघात गेली. तिथं कुणीतरी तिला पाहिलं आणि सतरा वर्षांखालच्या देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला शिबिर, त्यातूनच संघ निवडायचा. बाईंनी ती बातमी मला मेडिकलच्या काउंटरवर येऊन सांगितली आणि समोर गिऱ्हाईक उभं असताना त्या रडल्या. गिऱ्हाईकाला वाटलं, घरी कोणी आजारी आहे.

आणि त्याच साली कृष्णेचं पाणी आलं. योजनेचं पाणी येणार, येणार म्हणून आमच्या गावात दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. आता ते खरंच पाइपातून शेजारच्या गावापर्यंत आलं आणि दिवाळीनंतर आमचा तलाव भरून देणार असं ठरलं. ग्रामसभेला मारुतीच्या देवळापुढं सगळा गाव लोटला. बाईही गेल्या. त्यांना एवढंच मागायचं होतं की शिबिर होईपर्यंत, उन्हाळ्यापर्यंत थांबा. बोलायचं काय ते त्यांनी मला वाटेत दोनदा म्हणून दाखवलं होतं.

त्यांच्या आधी म्हाकूआप्पा उठले. ते सभेत बोलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. पागोटं सारखं करत म्हणाले, "माझा बा मेंढरांमागं कोकनाच्या वाटंवर मेला. मी बी तितंच मरायचो. ह्या सालापासनं आमी गावात ऱ्हानार. पोरांनी बापाचं तोंड बगितलं न्हाई आजून नीट." एवढं बोलून ते खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांना बाईंची आठवण झाली. "बाई, तुमचं मैदान जातंय, आमाला जान हाय. शाळंमागं दुसरी जागा बगू की." बाई उठल्या. मी त्यांच्या शेजारीच होते. त्या म्हणाल्या, "पानी आलंच पायजे," आणि बसल्या. ह्या 'बघू की'त आजवर किती जागा गडप झाल्यात ते सरपंचालाच ठाऊक. पण त्या दिवशी त्यांच्याशी तरी काय भांडायचं? ज्या पोरीसाठी बाई वेळ मागणार होत्या तिच्याच बापाला पाणी हवं होतं.

तलाव भरत आला तेव्हा जलपूजन ठेवलं. पाण्याची ओटी भरायची, ती गावच्या वतीनं कुणी भरायची असं निघालं, आणि बायकांनी एकमुखानं बाईंचं नाव घेतलं. "बाईंनी जेवडं तळं तुडवलंय तेवडं कुनी तुडवलंय? मान त्यांचाच." त्यांच्या मनात काहीही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. बाई हिरवं लुगडं नेसून आल्या. खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडले. गोलाचे वरचे आडवे पाइप तेवढे पाण्याबाहेर दिसत होते. परतताना मला म्हणाल्या, "ओटी भरताना मागायचं असतंय. मला कळंना काय मागावं. ऱ्हा म्हनू का जा म्हनू?" मीही त्या दिवशी दोन घागरी भरून घरी नेल्या होत्या.

सरपंचांनी शब्द पाळला. शाळेमागची जागा दिली. ती मुरमाची. वर रोलर फिरवला तरी खालचे खडे पुन्हा डोकं वर काढायचे. पहिल्याच संध्याकाळी बनू सवयीनं घसरली आणि मांडीचं कातडं सोलून निघालं. मी चिमट्यानं एकेक खडा काढत होते आणि ती दात आवळून आभाळाकडं बघत होती. बाईंनी सगळ्यांना ताकीद दिली, आता घसरायचं बंद. जखम भरली आणि चौथ्या की पाचव्या दिवशी बनू पुन्हा घसरली. पुन्हा तीच मांडी. बाई संतापल्या. "आगं, शिबिराला काय लंगडत जानार हाईस? गुडगा गेला मजी?" बनू खाली बघत म्हणाली, "आपोआप व्हतंय बाई. पायाला कळत न्हाई की तळं न्हाई."

तेव्हा बाईंनी ती गोष्ट केली. बनूला धरून बिरोबाच्या देवळात नेलं. मीही सोबत होते. पुजाऱ्याकडून भंडारा घेतला, बनूच्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "म्हन, बिरोबाची आन, आता मी पडनार न्हाई." बनूनं म्हटलं. चेहरा एकदम गंभीर. मग बाईंनी तो भंडारा तिच्या कपाळाला लावला, उरलेला माझ्याही कपाळाला लावला आणि सुटल्यासारखा श्वास टाकला. आमच्याकडं शपथेचा रिवाज साधा आहे. ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं, तेव्हाच ती सुटते. लहानपणी आम्ही चिंचांवरून, गोट्यांवरून दिवसाला ढीगभर शपथा घालायचो आणि संध्याकाळी घरी जाण्याआधी "सुटली म्हण गं" म्हणून एकमेकींच्या मागं लागायचो. पण ते पोरखेळ. हातात भंडारा घेतलेली बिरोबाची शपथ धनगराच्या पोरीला खेळ नसते. बाईंनाही ते माहीत होतं, आणि म्हणून तर त्यांनी ती घातली.

गुण आला. बनू पडायची बंद झाली. सगळा हिवाळा ती मुरमावर उभ्यानं खेळली. बाईंनी तिला नवीन धडा दिला, की पडायची वेळच येऊ नये असं आधी पोच. समोरचीच्या खांद्याकडं बघ, ती कुठं वळणार ते खांदा आधी सांगतो. पोरगी शिकली. मांडी सुकली, गुडघे शाबूत राहिले. बाई मला कौतुकानं सांगायच्या, "बग, हिला आता पडावंच लागत न्हाई." मलाही ते प्रगतीसारखंच वाटलं.

शिबिर लांब होतं. बाईंना दहावीच्या परीक्षेची कामं लागली, सोबत जाता येईना. मग राज्याच्या संघातली एक मुलगी आणि तिची आई जाणार होत्या त्यांच्याबरोबर बनूला पाठवायचं ठरलं. मिरजेच्या स्टेशनवर आम्ही तिला पोचवायला गेलो. गाडीला उशीर होता. बाईंनी त्या सगळ्या वेळात तिला काय काय सांगितलं म्हणता! जेवताना लाजू नको. भात आवडला नाही तरी खा. पाणी सारखं पी. हिंदी येत नाही म्हणून गप बसू नको, मोडकं बोल पण बोल. बूट ओले ठेवू नको. कुणी मोठ्या शहरातली पोरगी हसली तर तूही हस. रात्री घरची आठवण आली तर रड, पण उशीत. शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधली होती, ती कुणाला किती द्यायची तेही सांगितलं. गाडी हलली तरी खिडकीला धरून चालत होत्या, बोलतच होत्या. सगळं सांगून झालं असं आम्हा दोघींनाही वाटलं. परतताना बाईंनी मला उसाचा रस पाजला.

शिबिरात मोबाइल ठेवू देत नसत. रविवारी तेवढा फोन यायचा. "बरं हाय बाई. गवात लय मऊ हाय," एवढंच बनू सांगायची. बाई विचारायच्या, खेळ कसा चाललाय? "बरा हाय." बाईंना तेवढं पुरायचं. सोमवारी सकाळी त्या मला मेडिकलमध्ये फोन करून सांगायच्या, "गवात मऊ हाय म्हनती गं!"

निवड झाली आणि बनूचं नाव त्यात नव्हतं. शिबिरातल्या एका मॅडमचा बाईंना फोन आला. त्या भल्या बाई असाव्यात, नाहीतर एवढा फोन कोण करतं? बाईंनी फोनचा आवाज मोठा ठेवला होता, मी ऐकत होते. मॅडम म्हणाल्या, मुलगी गुणी आहे, वेग आहे, समज आहे, पण शेवटच्या सराव सामन्यात समोरची पोरगी चेंडू घेऊन सुटली तेव्हा हिनं फक्त अंग टाकायचं होतं. हातभर अंतर होतं. ही उभीच राहिली. आधीही दोनदा असंच झालं. "पडायला घाबरते. ह्या वयात भीती शिरली की निघत नाही." बाई आधी हसल्याच. "पडायला घाबरते? आमची बनू?" मग फोन ठेवला. मला वाटलं, त्यांना मॅडमचा राग आलाय. तसा तो आलाच होता, पण बनूचा. "उबी कशी ऱ्हायली गं ती? उबी कशी ऱ्हायली?" हेच चाललं होतं.

बनू आली ती गावच्या गाडीतून उतरून थेट शाळेत. बॅग खांद्यावरच. बाई व्हरांड्यात होत्या. पाणी दिलं, बसवलं आणि मग राहवेना. "हातभर चेंडू व्हता म्हनं. पडली का न्हाईस?"

बनूनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू आपल्याला हे का विचारतायत तेच तिला कळत नव्हतं.

"तुमी सोडवलीच न्हाई की, बाई."

बाईंना आधी समजलं नाही. मला समजलं. मग बाईंचा हात आपोआप कपाळाकडं गेला.

"आगं... फोन करत व्हतीस की गं दर आयतवारी. इचारायचं तरी."

"शपत मागून सोडवून घ्याची नसती, बाई. ज्यानं घातली त्यानं सोडवायची असती," बनू म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मोठ्या माणसाला माहीत असलेली गोष्ट आपल्याला सांगायला लागते आहे, याचा थोडा संकोच मात्र होता. "मला वाटलं, तुमच्या मनात काय तरी आसंल. तुमी उगं न्हाई घालनार."

बाई उठल्या. बनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुटली. बनू, सुटली." दोनदा म्हणाल्या. बनूनं मान हलवली, बॅग उचलली आणि घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावाला आली तेव्हा मुरमावर पहिल्याच चेंडूला घसरली. बाई तिला रागावल्या नाहीत. मी औषधाची पेटी घेऊन पळाले.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. पुढल्या शिबिराच्या वेळी बनूचं वय उलटून गेलेलं होतं. बाईंनी ज्या वजाबाकीवर आयुष्य घालवलं तीच त्यांच्यापुढं येऊन बसली. त्यांनी वरच्या संघासाठी चार ठिकाणी विचारून पाहिलं, पण ज्या पोरी सतराच्या आत कुणाच्या नजरेत भरल्या त्यांच्यातूनच वरचा संघ होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? बनू आता आटपाडीत डाळिंबाच्या पॅकिंगला जाते. तलावाच्या पाण्यावर आप्पांनीही डाळिंब लावलंय, भाऊ शाळेत जातो, घर सुखी आहे. बनू बाईंवर रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं असं मला वाटतं. ती उलट सणाला बाईंच्या पाया पडायची. बाईंना ते सोसायचं नाही. गावातले लोक म्हणायचे, नशीब. मला ह्या शब्दाची चीड आहे. जिथं दोघींनी एकमेकींवर एवढा विश्वास ठेवला तिथं नशिबाला मध्ये कशाला आणायचं?

वर्षाच्या आत बाईंनी बदली मागून घेतली. संस्थेची एक शाळा साताऱ्याकडच्या खंडाळा तालुक्यात आहे, तिकडं गेल्या. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, त्यात सरपंचांनी बाईंनी गावाचं नाव राज्यात नेलं म्हणून सांगितलं. मुरमाच्या जागेवर आता शाळेच्या नव्या खोल्या होतायत. माझंही लग्न होऊन मी साताऱ्याला आले, इथं आमचं स्वतःचं मेडिकल आहे.

मागच्या महिन्यात पुण्याहून येताना मी वाटेत खंडाळ्याला उतरले आणि बाईंच्या शाळेत गेले. बाई पांढऱ्या झाल्यात. मला बघून उठल्या, मिठी मारली, माझ्या लेकीसाठी खाऊ आणायला शिपायाला पाठवलं. शाळा मोठी आहे. समोर हे एवढं मैदान, पावसानं उगवलेलं खरंखुरं गवत, दोन्ही टोकांना जाळी लावलेले गोल. मधल्या सुट्टीत तीन-चार मुली धापा टाकत आल्या, "बाई, चेंडू." बाईंनी कपाट उघडून चेंडू दिला, कपाट लावलं आणि मैदानाकडं पाठ करून माझ्यासमोर येऊन बसल्या. बाहेर मुली खेळत होत्या, वाटेल तशा, एकमेकींच्या पायात पाय घालून. त्यातली एक बरी पळत होती. मी न राहवून म्हणाले, बाई, ती वेणीवाली बघा. वय विचारलंत का तिचं?

"न्हाई इचारलं."

"शिकवा की ह्यांना. एवढं मैदान आहे."

बाईंनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. रागावतील असं वाटलं होतं, पण रागावल्या नाहीत.

"शिकवायचं मजी सांगावं लागतंय, शाहीन," त्या म्हणाल्या. "आन पोरी ऐकत्यात गं."